पहाटे पाचचं कलम

पहाटे पाचला, बटाट्याच्या भावाआधी,
मी रेडिओवर संविधानाचं एक कलम वाचतो.
रोज एक. आधी स्पॅनिशमध्ये, मग आयमारात.
चार हजार मीटरवरची थंडी,
माईकला लामाच्या लोकरीचं टोपरं,
माझ्याच वाफेनं कागद ओला होतो.
किती जण ऐकतात, देव जाणे.
बहुतेक जण भावाची वाट बघत
कलम सोसत असावेत.

पाण्याचं कलम वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
तेओफिला कायिसाया तीन तास चालत आली.
डोक्यावर गोल टोपी,
पाठीवर रंगीत आवायोत बांधलेला नातू,
हातात रेडिओ, जणू पुरावाच.
"यातून तूच बोललास ना?
प्रत्येकाला पाणी मिळेल म्हणालास.
मिळेल म्हणजे कुठे?"
"कधी," मी दुरुस्त केलं.
"कुठे," ती म्हणाली.

शाळेत शिकलो होतो तसा मी हात लांब केला:
पुढे. येणाऱ्या दिवसांत.
ती हसली.
"चार बुकं शिकलास आणि दिशा विसरलास.
पुढे असतं ते बघितलेलं.
पुढे माझा बाप आहे, जमीनदाराच्या मेंढ्या राखणारा,
न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवणारा,
अंगठ्याची शाई पँटला पुसणारा. अजून दिसतो, लख्ख.
पुढे आटलेला झरा आहे.
यायचंय ते कुणी पाहिलंय?
ते पाठीमागे."
आणि खांद्यावरून तिनं मागे बोट दाखवलं,
नेमकं नातवाच्या नाकाकडे.

आमच्या भाषेत असंच आहे.
जिभेला ठाऊक होतं, हात विसरला होता.
अनुवाद करताना प्रत्येक 'असेल', 'राहील', 'मिळेल'
मी लोकांच्या पाठीमागे ठेवत आलो
आणि वर बजावत राहिलो, समोर बघा.
पाठ देत होतो रोज,
पाठीकडे लक्ष नव्हतं.

"मग मागचं पुढे आणायचं कसं?"
मी म्हटलं, अर्ज.
कुणाच्या नावे, कुठल्या खिडकीत,
पोच घ्यायची, पोचेवर तारीख घालून घ्यायची.
एवढं मला येत होतं. कलमात हे नसतं.
"म्हणजे मागे आहे ते मागायचं," ती म्हणाली.
"एवढंच ना? मग पहाटे हे का नाही सांगत?"

खिडकीतले साहेब दोन महिने म्हणत राहिले:
होईल. मिळेल. बघू.
तिसऱ्या महिन्यात ती अठरा बायका घेऊन गेली,
रेकॉर्डर सांभाळत मागोमाग मी.
साहेब म्हणाले, "होईल."
तेओफिला वळली
आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली.
अठराही वळल्या.
घोषणा नाही, मुठी नाहीत.
रेकॉर्डरवर आहे ती नुसती शांतता
आणि कुणाचं तरी वाहणारं नाक.
पाठींवर आवायो, आवायोंत पोरं.
बरीच झोपलेली. सात जागी,
मान वाकडी करून
साहेबांकडे बघत होती, पापणी न लववता.
साहेबांनी चष्मा पुसला.
परत पुसला.
मग फाईल मागवली.

नळ आला. शाळेपर्यंत.
तेओफिलाच्या दारापासून अजून चाळीस मिनिटं.
ती म्हणते, एवढं पुढे आलं, दिसायला लागलं.
उरलेलं मागे आहे,
वजनावरून कळतं.

हल्ली कलम वाचून झालं
की मी एक मिनिट गप्प राहतो,
कुणाला काही विचारायचं असलं तर.
बटाट्याचा भाव त्यामुळे मिनिटभर उशिरा लागतो.
तक्रारी येतात.
लेखी, खाली तारीख घातलेल्या,
पोच मागणाऱ्या.